कुणाच्या डोळ्यांना काय हवे

बाटलीबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या चमच्यावर दोन रेषा असतात. खालची १ मिलिलिटरची, वरची २ मिलिलिटरची. नऊ महिने पूर्ण झालेल्या बाळाला गोवर-रुबेलाच्या लसीबरोबर खालच्या रेषेपर्यंत, दीड वर्षाच्या सुमारास वरच्या रेषेपर्यंत आणि पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तेवढेच. एकूण ९ मात्रा, सगळ्या मिळून १७ लाख आंतरराष्ट्रीय एकक जीवनसत्त्व ‘अ’. कामठ्याच्या परिसरात घरोघरी फिरणाऱ्या आरोग्यसेविकेला हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतील. तरीही प्रत्येक मुलाच्या वेळी त्या चमचा डोळ्यांच्या पातळीला आणतात, तेल रेषेला टेकल्याची खात्री करतात, मुलाच्या तोंडात चमचा रिकामा करतात आणि लगेच कार्डावर तारीख टाकतात. गावात त्यांना सगळे सिस्टर म्हणतात.

कामठा हे गोंदिया तालुक्यातले जुने गाव. एके काळी मोठ्या जमीनदारीचे ठाणे, आज लहरी आश्रमामुळे दूरदूरच्या लोकांना माहीत असलेले. चहूकडे धानाच्या बांध्या, मध्ये तलाव, बोड्या आणि गोंदियाच्या रस्त्याला राइस मिल. घराघरांत मराठीबरोबर पोवारी आणि हिंदी बोलली जाते. बायका सिस्टरांना विचारतात, “हा पिवळा डोज कायचा जी?” सिस्टरांचे उत्तर ठरलेले: डोळ्यांचा आणि जिवाचाही.

त्यातला ‘जिवाचाही’ हा शब्द त्या उगाच घालत नाहीत. अमेरिकेचे नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सोमर इंडोनेशियात मुलांचे डोळे तपासत होते. अंधारात कमी दिसणारी, बाकी ठीकठाक वाटणारी मुले इतर मुलांपेक्षा जास्त संख्येने दगावतात, असे त्यांच्या नोंदींतून दिसले. मग आचे प्रांतातल्या गावांत त्यांनी पद्धतशीर चाचणी केली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात जीवनसत्त्व ‘अ’ मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी होते. भारताने मात्र त्याच्या आधीच, १९७० मध्ये, मुलांमधले पोषणजन्य अंधत्व रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला होता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कामावर तो उभा राहिला.

या द्रव्याचे डोळ्यातले काम जॉर्ज वाल्ड या शास्त्रज्ञाने उलगडले. त्यासाठी १९६७ चे नोबेल पारितोषिक त्यांना दोघांबरोबर विभागून मिळाले. डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मंद उजेडासाठी वेगळ्या पेशी असतात. त्यांतल्या रंगद्रव्यावर प्रकाश पडला की ते फुटते आणि पुन्हा जुळायला जीवनसत्त्व ‘अ’ लागते. साठा संपत आला की आधी तिन्हीसांजेची नजर जाते. पुढे डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो आणि त्यावर साबणाच्या फेसासारखे पांढरट डाग उमटतात. फ्रेंच डॉक्टर पिएर बितो यांनी १८६३ मध्ये वर्णन केल्यामुळे ते त्यांच्या नावाने ओळखले जातात. त्याही पुढे बुबुळ मऊ पडून विरघळू लागते. तिथे गेलेला डोळा कोणत्याच औषधाने परत येत नाही. आणि ही शेवटची पायरी महिनोन्‌महिने वाट बघत नाही. आधीच रिकामे झालेले शरीर गोवर किंवा लांबलेल्या जुलाबांत सापडले की काही दिवसांत खेळ आटोपतो. नवव्या महिन्याची मात्रा गोवराच्या लसीबरोबर बांधली आहे, त्यामागे हा हिशेब आहे.

सिस्टर नोकरीला लागल्या तेव्हा निवृत्तीला आलेल्या एका परिचारिकेने त्यांना मुलाची खालची पापणी ओढून डाग कसा बघायचा हे शिकवले होते. त्या बाईंनी असे डाग ढिगाने पाहिले होते. सिस्टरांना ते फारसे दिसले नाहीत. हा बदल एकट्या कामठ्याचा नाही. पुण्याचे डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या अंधशाळांमधल्या मुलांचे डोळे तपासून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात सर्वांत मोठा गट जन्मजात दोषांचा निघाला. बुबुळावरच्या डागांमुळे दृष्टी गेलेल्यांचा गट त्याच्या खाली गेला होता. लस, तेलाचा चमचा आणि आधीपेक्षा बरे जेवण, तिघांनी मिळून हे केले.

पण आजार विरळ झाला की त्याला ओळखणारी नजरही विरळ होते. एका संध्याकाळी एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. तक्रार डोळ्यांची नव्हती, पायाच्या जखमांची होती. “सांज झाली का ठेचा खाते जी. उजेडात बराबर चालते.” सिस्टरांनी जखमेवर पट्टी बांधता बांधता विचारले, अंगणात पडलेली वाटी याला संध्याकाळी सापडते का? आईने नाही म्हणून मान हलवली. कुटुंब कामासाठी जिल्ह्याबाहेर राहून आले होते, कार्डावरच्या दोन मात्रा रिकाम्या होत्या आणि वाटेत मुलाला बरेच दिवस जुलाब झाले होते. सिस्टरांनी त्याच संध्याकाळी त्याला आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांपुढे उभे केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या उपचारपद्धतीत वयानुसार पूर्ण मात्रा त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि दोन आठवड्यांनी तिसरी, असा क्रम आहे. रातांधळेपणा एक-दोन दिवसांत ओसरू लागतो. दुसऱ्या मात्रेच्या पुढच्या संध्याकाळी पोरगा अंधारात कोंबडी धरायला धावला, असे आईनेच येऊन सांगितले.

असा चटकन गुण येतो म्हणूनच सिस्टर त्या बाटलीला जपतात. लोकांना वाटते, एवढा गुण आहे तर थोडे जास्त दिले तर काय बिघडले? २ लाख एकक म्हणजे ६० मिलिग्रॅम. एक ते तीन वर्षांच्या मुलाची रोजची गरज भारतीय शिफारशीनुसार ३९० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका चमच्यात सुमारे पाच महिन्यांची गरज येते. यकृत ती साठवून ठेवते आणि लागेल तशी सोडते. पण हे जीवनसत्त्व तेलात विरघळणारे आहे. जास्तीचे ‘क’ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जाते, ‘अ’ तसे जात नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये आसाममधल्या मोहिमेत २ मिलिलिटरच्या चमच्याऐवजी ५ मिलिलिटरचे माप असलेला कप दिला गेला. मुले आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्या बातम्या आल्या, देशभर वाद झाला. सिस्टर ही गोष्ट प्रत्येक नव्या आशाताईला सांगतात. बाटली उघडली की तिच्यावर तारीख लिहायची, आठ आठवड्यांत संपवायची, उजेडात ठेवायची नाही. आणि गरोदर बाईने ही बाटली तोंडाला लावायची नाही. या अवस्थेत रेटिनॉलच्या मोठ्या मात्रेने बाळात व्यंग येऊ शकते.

चमचा सहा महिन्यांतून एकदा येतो. मधले सगळे दिवस थाळीचे असतात, आणि या भागातल्या थाळीचा मोठा हिस्सा पांढरा असतो. दोन्ही वेळा भात. गिरणीतून पांढराशुभ्र होऊन आलेल्या तांदळात जीवनसत्त्व ‘अ’ नाही, ते ज्यापासून बनते ते बीटा कॅरोटीनही नाही. म्हणून तर इंगो पोट्रिकुस आणि पीटर बायर या शास्त्रज्ञांनी २००० साली जनुके घालून पिवळा ‘गोल्डन राइस’ तयार केला. २०२१ मध्ये फिलिपिन्सने त्याच्या लागवडीला परवानगी दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती रद्द केली. दोन दशकांहून जास्त काळ त्या दाण्याने वाट पाहिली. सिस्टर भाताला नावे ठेवत नाहीत. धान हे इथल्या माणसाचे पोट आणि पैसा दोन्ही आहे. त्यांचे बोलणे भाताच्या शेजारी काय वाढले जाते यावर असते.

आणि शेजारी वाढण्यासारखे इथे पुष्कळ आहे. सांदवाडीत मुनग्याचे झाड असते. त्याच्या शेंगा आमटीत जातात आणि पाला बकरीपुढे. खरे तर बीटा कॅरोटीन पाल्यात भरपूर आहे, शेंगेत फार थोडे. पहिल्या पावसानंतर बांधावर उगवणारा कोवळा तरोटा, अंबाडी, धोप्याची पाने, चवळईची भाजी, पिवळ्या गराचे कोहळे, पिकलेली पपई, आंबा: यांतले काही ना काही प्रत्येक ऋतूत मिळते. हिरव्या भाजीत हिरव्याखाली पिवळे दडलेले असते. पाने जितकी गडद तितके ते जास्त. उन्हाळ्यासाठी हरभऱ्याची आणि लाखोळीची पाने वाळवून ठेवायची रीत आहे. सिस्टर ती कडक उन्हात न वाळवता सावलीत वाळवायला सांगतात, कारण उन्हात कॅरोटीन नासते.

भाजी नुसती उकडून खाल्ली तर त्यातले बरेचसे कॅरोटीन अंगाला न लागता निघून जाते. ते पचायला स्निग्धपणा लागतो. फोडणीचे चमचाभर तेल, वरून टाकलेले जवसाचे किंवा शेंगदाण्याचे कूट, एवढे पुरते. पोट जंतांनी भरलेले असेल तर त्यातूनही गळती होते. म्हणून जंतनाशक गोळी आणि तेलाचा चमचा या दोन्ही मोहिमांकडे सिस्टर एकच काम म्हणून बघतात.

वनस्पतींतले कॅरोटीन शरीराला बदलून घ्यावे लागते, आणि त्या बदलात बरेच वाया जाते. प्राण्यांकडून मिळणारे रेटिनॉल तयार असते. अंड्याचा पिवळा भाग, दूध, यकृत. सुश्रुतसंहितेत रातांधळेपणावर बकऱ्याचे यकृत सांगितले आहे. जीवनसत्त्व हा शब्द जन्मण्याच्या कितीतरी शतके आधीची ही नोंद आहे. आणि गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांत त्याहून स्वस्त वस्तू पोहत असते. बांगलादेशातल्या संशोधकांनी मोला नावाच्या बोटभर माशात जीवनसत्त्व ‘अ’ विलक्षण प्रमाणात असल्याचे दाखवले. ते बरेचसे माशाच्या डोळ्यांत आणि पोटातल्या अवयवांत असते. म्हणून तो डोक्यासकट, अख्खा खाल्ला तरच फायदा. कामठ्याच्या बाजारात ढिवर बायका टोपलीत असले छोटे मासे आणतात तेव्हा घेणारा मोठ्या रोहू-कटल्याकडे वळतो आणि छोटे मासे गरिबाचे म्हणून मागे राहतात. सिस्टर स्वतः मासे खात नाहीत, पण त्या टोपलीपाशी उभ्या राहून लहान मुलांच्या आयांना ते घ्यायला लावतात. तव्यावर कुरकुरीत करून, कुटून वरणभातात कालवले तर दोन वर्षांचे मूलही खाते.

अंड्याची गोष्ट त्यांच्या मनाला लागून राहिलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडे देण्याचा निर्णय घेतला; अंडे न खाणाऱ्यांना केळे. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा निधी थांबला आणि हवे असल्यास लोकवर्गणीतून द्यावे, असे शाळांना सांगण्यात आले. ज्या गावात वर्गणी निघते तिथल्या मुलाच्या ताटात अंडे पडते, जिथे निघत नाही तिथे पडत नाही. सिस्टरांनी गावातल्या बैठकीत हा विषय एकदा काढून सोडला नाही. त्या तो पुन्हा पुन्हा काढतात. वाढदिवसाला शाळेत चॉकलेट वाटणाऱ्या घरांना त्या सांगतात, त्या पैशात वर्गभर अंडी होतात.

या चमच्याविषयी तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत, हेही त्यांना प्रशिक्षणात कळले. उत्तर प्रदेशात दहा लाख मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत मृत्यूंत जेमतेम ४ टक्के फरक दिसला, आणि तोही योगायोग असू शकेल इतका लहान. २०१६ ते २०१८ च्या देशव्यापी पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के मुलांत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. सरसकट सगळ्यांना मोठी मात्रा द्यायची की कमतरता असलेल्या भागांपुरती, हा प्रश्न त्यामुळे पुढे आला. सिस्टरांना हा वाद रास्त वाटतो. त्यांच्या रजिस्टरमध्ये मात्र ‘सरासरी मूल’ नावाचे कुणी नाही. एका घरी रोज दूध आणि आठवड्याला अंडी. दुसऱ्या घरी भात, मीठ आणि तिखट. धोरण बदलेपर्यंत दोन्ही घरच्या मुलांना चमचा द्यायचा, आणि दुसऱ्या घरच्या आईपाशी थोडे जास्त बसायचे, असा त्यांचा रिवाज आहे.

अलीकडे त्यांच्यापुढे येणारा प्रश्न मात्र मुलांचा नसतो. म्हातारी माणसे औषधाची बरणी घेऊन येतात. नागपूर, पुणे, हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलांनी पाठवलेली, डोळ्याचे चित्र छापलेली, ल्युटीनच्या गोळ्यांची बरणी. “पोराने धाडली जी. खाऊ का?” सिस्टर बरणी बाजूला ठेवतात आणि आधी माणसाला विचारतात. दिसायला कधीपासून कमी झाले? दूरचे की जवळचे? धुकट दिसते, की नेमके मधलेच दिसत नाही? शुगर आहे का? बिडी ओढता का?

या गोळ्यांमागे खरे आणि चांगले संशोधन आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने केलेला मोठा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. वयामुळे पडद्याच्या मध्यभागाची झीज होण्याचा एक आजार असतो. त्यात वाचायचे, चेहरे ओळखायचे केंद्रच खराब होते. ही झीज मधल्या टप्प्यावर असलेल्यांना ‘क’ आणि ‘ई’ जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबे यांची ठरावीक मोठी मात्रा दिल्यावर पाच वर्षांत आजार गंभीर होण्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटला. २०१३ च्या पुढच्या अभ्यासात बीटा कॅरोटीन काढून त्याजागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन घालायचे ठरले. माशाच्या तेलातले ओमेगा-३ घालून पाहिले, त्याने आणखी काही फायदा झाला नाही. कोरड्या डोळ्यांसाठीही ओमेगा-३ च्या कॅप्सूल खपतात. २०१८ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या वर्षभराच्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

म्हणजे या मिश्रणाचा उपयोग एका आजाराच्या एका टप्प्यावर आहे. ज्यांना तो आजारच नाही त्यांना तो होऊ नये म्हणून गोळ्या उपयोगी पडल्याचे दिसलेले नाही. मोतीबिंदूवरही त्यांचा परिणाम झाला नाही.

बिडीचा प्रश्न सिस्टर वगळत नाहीत, कारण हा तेंदूपत्त्याचा आणि बिडीचा मुलूख आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९ हजारांहून अधिक पुरुषांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बीटा कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. पाठोपाठ अमेरिकेतली तशीच एक चाचणी धोका वाढल्याचे दिसताच मुदतीआधी थांबवावी लागली. नेत्रसंस्थेच्या दुसऱ्या अभ्यासाच्या, २०२२ मध्ये आलेल्या दहा वर्षांच्या पाठपुराव्यात, ज्यांनी पूर्वी कधीतरी धूम्रपान केले होते त्यांच्यातही बीटा कॅरोटीनचा हा धोका दिसला, ल्युटीनचा दिसला नाही. गाजरातले, पपईतले कॅरोटीन हे असे करत नाही. गोळीतली मोठी मात्रा आणि धुराने जळालेले फुप्फुस यांची गाठ वाईट. बरणीवरची बारीक अक्षरे वाचून बीटा कॅरोटीन आहे का बघणे, हे काम सिस्टरांनी स्वतःकडे घेतले आहे. आणि डोळ्यासाठी खरोखर काही करायचे असेल तर बिडी सोडा, हे त्या सांगतात. पडद्याची झीज आणि मोतीबिंदू, दोन्ही धुराने वाढतात.

एका आजींनी बरणीमागून बरणी संपवली होती. मुलगा प्रेमाने पाठवत होता, आजी विश्वासाने खात होत्या, आणि नजर दिवसेंदिवस धुकट होत होती. सिस्टरांनी बॅटरी मारली तर बाहुलीत करडा मोतीबिंदू साध्या डोळ्यांनी दिसत होता. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे कारण ६६ टक्के प्रकरणांत मोतीबिंदू हेच निघाले. डोळ्यातले भिंग एकदा गढूळ झाले की गोळी, थेंब, मध, गुलाबपाणी यांपैकी कशानेही ते निवळत नाही. ते काढून कृत्रिम भिंग बसवावे लागते. ‘पिकू द्या, मग काढू’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आज अति पिकलेला मोतीबिंदू काढणेच अवघड जाते. सिस्टरांनी मुलाला फोन लावला. त्याने विचारले, आणखी कुठल्या गोळ्या पाठवू? त्या म्हणाल्या, “गोळ्या नको धाडू बाबू. दोन दिवसाची सुट्टी काढून ये. आजीले गोंदियाले नेऊ.” तो आला. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याची तारीख मिळाली.

शुगर असलेल्यांशी बोलणे लांबते, कारण तिथे आहार आणि डोळा यांचे नाते खरेच घट्ट आहे. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात आणि बराच काळ माणसाला काहीच कळत नाही. ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाने १९९८ मध्ये दाखवून दिले की साखर नीट आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंडांची अशी हानी सुमारे २५ टक्क्यांनी घटते. सिस्टर भात बंद करा असे म्हणत नाहीत, कारण तसे कुणी करत नाही. ताटातला भात निम्मा, भाजी आणि वरण दुप्पट, आणि दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा पडदा तपासायचा. ‘दिसते तर बरोबर’ म्हणून तपासणी टाळणाऱ्यांची नावे त्या वेगळ्या पानावर लिहून ठेवतात.

धान कापणीच्या दिवसांत आणखी एक गोष्ट घडते. मळणीत उडालेले तूस डोळ्यात जाते, घरचे लोक मध, तूप किंवा बाळंतिणीचे दूध डोळ्यात घालतात. दूध-तूप पौष्टिक आहे म्हणून डोळ्यालाही चालेल, असा तो समज. तुसाने ओरखडलेल्या बुबुळावर बुरशी वाढली तर आठवड्याभरात व्रण होतो. त्या दिवसांत सिस्टर एकच सांगतात: स्वच्छ पाण्याने धुवा, चोळू नका, दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणू नका आणि दुसऱ्या दिवशीही लाल असेल तर थेट डॉक्टरकडे.

ल्युटीनची गोळी जिथे खरोखर हवी असते, असे घरही त्यांच्या यादीत आहे. एक निवृत्त शिक्षक. त्यांना पेपर वाचताना ओळीतले मधले अक्षर गाळल्यासारखे वाटायचे. त्यांनी चष्मा दोनदा बदलला, फरक पडला नाही. शिबिरात नेत्रचिकित्सा अधिकाऱ्यांनी दाराची चौकट एका डोळ्याने बघायला सांगितली, तर उभी कड मध्ये किंचित वाकलेली दिसली. नागपूरला तपासणी झाली. पडद्याच्या झिजेचा मधला टप्पा होता. तिथल्या डॉक्टरांनी बीटा कॅरोटीन नसलेले मिश्रण लिहून दिले आणि बिडी त्याच दिवशी सोडायला सांगितली. गुरुजींनी बिडी सोडली. गोळीबरोबर जेवणात मुनग्याचा पाला आणि अंडे आले. घरी भिंतीवर चौकटींचा कागद चिकटवला आहे. रोज सकाळी एक डोळा झाकून ते त्याकडे बघतात, मग दुसरा. हा आजार कधी कधी अचानक ओला होतो, म्हणजे पडद्याखाली नव्या रक्तवाहिन्या फुटून झिरपू लागतात. तेव्हा गोळी उपयोगाची नसते, डोळ्यात इंजेक्शन लागते, आणि दिवस मोजून लागते. रेष नव्याने वाकडी दिसली तर सणवार, रोवणी काही न बघता त्याच दिवशी नागपूरची गाडी धरायची, हे गुरुजींनी मुलाला आणि सिस्टरांना, दोघांनाही सांगून ठेवले आहे.